मधला आकडा

पिवळट. म्हणजे मेण पांढरंच, पण त्यातला तो ठिपका पिवळट करडा, तूरडाळीच्या दाण्याएवढा, एका कडेला तासल्यासारखा — तिथून लॅबवाल्यांनी पापुद्रे काढले असणार, पेन्सिलीला टोक करताना निघतात तसे — आणि चहा उतू जायच्या बेतात आला तरी मंगल त्या ठिपक्याकडेच बघत उभी होती. प्लास्टिकची गुलाबी चौकट, चौकटीत बसवलेली मेणाची वडी, वडीत तो ठिपका, काढलेल्या गाठीचा तुकडा. हे माझं आहे, असं तिनं मनातल्या मनात म्हणून पाहिलं. काही झालं नाही. महिन्याभरापूर्वी हे माझ्या अंगात होतं, डाव्या बाजूला, आणि त्याच्यासकट मी वर्गात उभी राहून पोरांना सरासरी शिकवत होते... तरी काही झालं नाही. चहा मात्र उतू गेला.

गेला तर गेला. तिनं ओटा पुसला, उरलेला अर्धा कप गाळून घेतला, आणि वडी पुन्हा स्टीलच्या डबीत घालून फ्रिजच्या दारात, लिंबांच्या शेजारी ठेवली. लॅबमधल्या बाईंनी बजावलं होतं, मॅडम, उन्हात ठेवू नका, वितळायचं. फेब्रुवारी संपत आला की सांगलीचं ऊन काय असतं हे तिला कुणी सांगायला नको होतं. उद्या सकाळी दवाखान्यात जाताना डबी न्यायची, ती तिकडे जमा करायची, आणि डॉक्टरीणबाईंना उत्तर द्यायचं. हो की नाही. एवढंच काम.

उत्तर सोपं असायला हवं होतं. वडीतले ते पापुद्रे कुठल्याशा लांबच्या प्रयोगशाळेत जाऊन आले होते. डॉक्टरीणबाईंनी कागदावर गोल काढून समजावलं होतं — जनुकं सगळ्या पेशींत तीच असतात मॅडम, पण कुठलं जनुक गप्प बसलंय आणि कुठलं ओरडतंय हे गाठीगाठीत वेगळं असतं. अशा एकवीस जनुकांचा आवाज मोजायचा, त्यातून एक आकडा काढायचा, शून्य ते शंभर. आकडा लहान आला तर गाठ परत येण्याची शक्यता कमी, नुसत्या गोळ्या पुरे. मोठा आला तर केमो. आणि मग त्या हसून म्हणाल्या होत्या, "तुम्ही तर स्टॅटिस्टिक्सच्या. तुम्हाला मी काय सांगणार!" त्या हसण्यानं तिला बरं वाटलं होतं, हे तिला आजही आठवत होतं. टेबलाच्या या बाजूला बसलेली असतानाही आपण थोड्या त्या बाजूच्याच आहोत, असं वाटलं होतं. माणूस कशानं खूश होईल काही नेम नाही.

"आणि मधला आला तर?" तिनं विचारलं होतं, वर्गात एखादं आगाऊ पोरगं विचारतं तसं.

"मधला आला तर बोलू."

मधला आला. एकोणीस. एकोणीस म्हटलं की तिच्या डोळ्यांसमोर आधी नापासांची यादीच आली, वीस वर्षांची सवय, दुसरं काय. डॉक्टरीणबाई या वेळी हसल्या नाहीत. तुमच्यासारख्या शंभर बायका घेतल्या, सगळ्यांना फक्त गोळ्या दिल्या, तर येत्या नऊ-दहा वर्षांत सहाजणींना परत येईल, असं त्या म्हणाल्या. केमो दिली तर त्या सहातल्या दीड-दोन वाचतील कदाचित. पन्नाशीच्या पुढची बाई असती तर मी नकोच म्हटलं असतं, तुम्ही अजून आत आहात, तुमच्या वयाबद्दल तज्ज्ञांत वाद आहे. तुम्ही ठरवा. पण उशीर करू नका, घ्यायची तर लगेच सुरू करायला हवी.

म्हणजे यंत्रानं एवढं सगळं मोजून शेवटी चेंडू परत तिच्याच अंगणात टाकला होता.

फोन वाजला. तानाजीचा, धाकट्या भावाचा. वडूजच्या पुढे त्यांची वस्ती. पूर्वी मेंढरं होती, आता कोंबड्यांची शेड आहे.

"आक्का, निघालीस का न्हाई? स्वप्नालीला बघाया पावनं बाराला पोचत्यात शिरवळास्नं."

"निघते आहे."

"साडी जरा चांगली नेस. आन् हे बघ..." तो घुटमळला. "पारूनं सगळ्यास्नी पिशवीचंच सांगितलंया. ध्येनात ऱ्हाऊ दे."

पिशवीचं. म्हणजे गर्भाशय काढलं. वस्तीवरच्या निम्म्या बायकांचं ते काढून झालेलं होतं, कुणी चाळिशीत, कुणी त्याच्याही आधी, त्यामुळे त्याचं कुणाला काही वाटत नसे. उलट दोन बायका एकत्र बसल्या की त्यावर गप्पाच रंगत. पारू, तानाजीची बायको, हुशार. तिनं नणंदेच्या ऑपरेशनला असं नाव दिलं की पुढचा प्रश्नच येऊ नये. मंगलनं ते ऐकलं तेव्हा तिला रागही आला नव्हता. खोटं चांगलं रचलेलं आहे, एवढंच तिच्या मनात आलं होतं.

एसटी तासगाव सोडून विट्याच्या रस्त्याला लागली तशी खिडकीतनं येणारी हवा कोरडी झाली. बाजार समितीच्या बाजूनं येणारा हळदीचा वास सांगलीतच राहिला. इथं नुसती उसाची हिरवी पट्टी, मग द्राक्षबागांवरची जाळी, मग तीही संपली आणि काढलेल्या ज्वारीची पिवळी रानं लागली. मंगलनं पर्स मांडीवर धरली, कारण डाव्या काखेत पट्टा लागला की अजून ओढल्यासारखं होई, आणि हिशोब मांडायला घेतला. हिशोब मांडला की तिचं मन जागेवर बसे. शंभर बायका. त्यांची एक रांग. चौऱ्याण्णवजणींना काहीही होणार नाही, केमो घेतली तरी, नाही घेतली तरी. म्हणजे त्यांचे केस गेले, तोंड आलं, नसा जळल्या ते सगळं फुकट. चौघींना घेऊनही परत येणारच. राहिल्या दीड-दोन. समजा दीड. दीड बाई! वर्गात कुणी उत्तर म्हणून दीड माणूस लिहिलं की ती फळ्यावरून वळून म्हणायची, हा अर्धा माणूस कुठं भेटला रे तुला? या अर्ध्या बाईसाठी मी सहा महिने झोपून काढायचे?

नाही. नको घ्यायला. मायणीच्या अलीकडे कुठंतरी तिचं ठरून गेलं, आणि ठरल्यावर तिला इतकं हलकं वाटलं की तिनं चक्क पर्समधली गोळी काढून तोंडात टाकली, आवळ्याची. किती शांतपणे विचार करतो आपण! रडारड नाही, नवस नाही, कुणाच्या गळ्यात पडणं नाही. दवाखान्यातल्या नर्सही म्हणाल्या होत्या, मॅडम तुमच्यासारखं पेशंट बघितलं नाही. तेव्हाही बरं वाटलं होतं.

...हे आप्पांकडून आलं असेल का? आप्पा बिरोबाच्या जत्रेत होईक सांगत. पुढच्या सालाचं भविष्य — घोंगडं खांद्यावर, डोळे अर्धे मिटलेले, आवाज दुसऱ्याच कुणाचा तरी — मृगाचं पाणी आठ आणं... थोरला पाऊस मागनं... हळद तेजीत... मेंढराला खुरीचा रोग. पाऊस नेहमी आण्यांत. रुपयात किती आणे, त्यावरून माणसं कळप कुठं न्यायचा ते ठरवत. लहानपणी ती गर्दीत उभी राहून ऐकायची आणि तिला ते आपले वडील वाटायचेच नाहीत. खाली उतरल्यावर बायका त्यांच्या पायाला लागून विचारत, आप्पा, माझ्या पोराचं काय हुईल ते सांगा की. आणि आप्पा घोंगडं झाडत म्हणत, मुलखाचं सांगतो बाय, एका घराचं सांगत न्हाई. तिला तेव्हा वाटे, हे चलाखीचं आहे. पुढे तिनं एम.एस्सी. केलं आणि पहिल्याच तासाला वर्गाला सांगितलं, समूहाबद्दल बोलता येतं, एकट्याबद्दल नाही. हे आपण कुठं ऐकलंय, ते तिला तेव्हा आठवलं नव्हतं. आप्पा आता थकले. चार-पाच वर्षं झाली, ती जागा चुलतभावानं घेतली. तो पाऊस मिलिमीटरमध्ये सांगतो म्हणे. हसावं का रडावं!

आणि राहीआत्या. राहीआत्याचा विचार आला की ती नेहमी खिडकीबाहेर बघे, आत्ताही बघितलं. आप्पांची बहीण. मेंढरं घेऊन कोकणच्या अंगाला उतरत तेव्हा तळावर भाकरी थापायची, आणि पदर छातीवरून इतका घट्ट आवळून कमरेला खोचायची की वाकताना तिला दम लागे. आतून हळदीचा लेप असायचा. त्याचा वास तिच्या भाकरीलाही. बाहेरचं झालंय, असं मोठी माणसं म्हणत. देवाचं काहीतरी राहिलंय. एका वर्षी माणसं तिच्याशिवाय परत आली आणि त्यावर कुणी काही बोललं नाही, मंगलनंही विचारलं नाही; आमच्या घरात विचारत नाहीत. डॉक्टरीणबाईंनी पहिल्या भेटीतच प्रश्न केला होता, घरात कुणाला होतं का? आई, मावशी, आत्या? असेल तर रक्ताची वेगळी तपासणी करू, ती तुमच्यापेक्षा घरातल्या पोरींसाठी. मंगल म्हणाली होती, नाही. पटकन म्हणाली होती. खोटं नव्हतं ते. आत्याला कुणी तपासलंच नव्हतं, नाव दिलंच नव्हतं — मग ज्याची नोंद नाही ते मोजणीत धरायचं कसं? असा तिनं नंतर स्वतःशी वाद घातला, आणि जिंकली.

वस्तीवर पोचली तेव्हा अंगण सारवलेलं होतं, शेडकडून कोंबड्यांचा वास येत होता आणि आप्पा लिंबाखाली खाटेवर धुवट फेटा बांधून बसले होते, पाहुण्यांसाठी. तिनं वाकून नमस्कार केला तर त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो तिथंच राहू दिला, नेहमीपेक्षा जरा जास्त.

"काढली न्हवं पिशवी?"

"काढली, आप्पा."

"बरं झालं. रोजची कटकट गेली." मग थोडं थांबून, "वाळलीस लय."

"कॉलेजात काम असतं."

त्यांनी फेटा सारखा केला आणि नजर रस्त्याकडे वळवली. तिलाही त्यांच्या डोळ्यांकडे बघावंसं वाटलं नाही. ती आत गेली.

स्वयंपाकघरात पारू पोह्यांसाठी कांदा चिरत होती, आणि तिचे डोळे लाल होते ते कांद्यानं की कशानं कळायला मार्ग नव्हता. तिनं मंगलला पाट दिला, पाणी दिलं, दाराकडे एकदा बघितलं आणि आवाज खाली आणला.

"वन्सं, त्यो जीनचा रिपोर्ट आला म्हनं. ह्यांनी सांगितलं."

"आला."

"म्हंजी रक्तातलंच न्हवं त्ये? घरान्यातलं?"

"नाही गं. गाठीची तपासणी असते ती. ती गाठ किती वाईट वागेल एवढंच कळतं. तुझ्या पोरीचा त्याच्याशी संबंध नाही."

"तुमास्नी म्हाईत, मास्तरीन तुमी. लोकास्नी काय म्हाईत?" पारूनं सुरी खाली ठेवली. "जीन म्हटलं की लोकं म्हंत्यात घरात किडा हाय. पोरगं चांगलं हाय वन्सं. शिरवळला कंपनीत पर्मनंट हाय, दारूबिरू न्हाई. दोन सोयरिकी मोडल्या आमच्या, तुमास्नी ठाव हाय. आता ही..." ती थांबली. तिला जे म्हणायचं होतं ते तिच्या तोंडात आलं होतं आणि ती ते फिरवत होती, हे मंगलला दिसत होतं. भयंकर कीव आली तिला, पारूचीही आणि... पारूचीच. "न्हाई म्हंजी, ते औशीद घेतलं की केस जात्यात. भुवया पन. लग्नात बाया बघनारच. आकडा मधलाच आलाय म्हटल्यावर... न्हाई घेतलं तर चालंल का?"

बस. एवढंच होतं तर. बसमध्ये, मायणीच्या अलीकडे, तिचं ठरलेलंच होतं. नुसतं सांगायचं होतं.

"मी बहुतेक घेणारच नाहीये," मंगल म्हणाली.

पारूचे खांदे खाली आले. अगदी डोळ्यांदेखत, पाठीवरचं गवताचं ओझं कुणी उतरवून घ्यावं तसे. तिनं पदरानं डोळे टिपले, "लय उपकार झालं वन्सं," म्हणाली, आणि लगेच कांदा चिरायला लागली, आता भराभर. राग आला का मला? आला. थोडा आला. पण कुणाचा, ते कळेना. माझा निर्णय तर माझाच होता, मी तो स्वच्छ आकडेमोड करून घेतला होता... आणि तरीही तो पारूला हवा होता तसाच कसा निघाला? शंभर बायका मी रांगेत उभ्या केल्या, चौऱ्याण्णव बाजूला काढल्या, चार काढल्या. पण सकाळी तानाजीनं साडी चांगली नेस म्हटलं त्याच्या आधी मी हा हिशोब का नव्हता मांडला? आठवडाभर आकडा हातात होता. मधल्या आकड्याचं हेच असतं. तो काही बोलत नाही, मग ज्याला जे हवं ते तो त्याच्या तोंडून वदवून घेतो.

पाहुणे आले. जीपची दारं वाजली, चपलांचा ढीग पडला, आप्पांचा आवाज, तानाजीचा खास पाहुण्यांसाठी काढलेला मोठा आवाज, बसा बसा, पानी घ्या. मुलाची आई बाहेर पाच मिनिटं टेकली आणि रीतीप्रमाणे उठून आत आली, बायकांत. ठसठशीत, कपाळावर मोठं कुंकू, हातात पाकीट. तिनं भिंती बघितल्या, भांडी बघितली, मग मंगलला बघितलं.

"ह्याच का सांगलीच्या प्रोफेसरीन? आवं, आताच कळलं बाहीर, पिशवी काढली म्हनं तुमची."

"हो."

"मी बी काढलीया!" तिचा चेहरा असा उजळला की मंगलला हसूच आलं. "जड उचलू नगा. कंबर बांधत जावा. आन् गोड खाऊ नगा, सुटतंय अंग. माझं बघा की!" आणि तिनं स्वतःच्या कमरेवर थाप मारली. पारूही हसली. तिघी हसल्या. वाईट बाई नव्हती ती, चांगलीच होती. मंगलला क्षणभर वाटलं, आत्ता हिला सांगून टाकावं, अहो बाई, पिशवी जागेवर आहे माझी, गेलंय ते दुसरंच... आणि त्या बाईचा उजळलेला चेहरा कसा कसा बदलत जाईल ते तिनं पायरीपायरीनं डोळ्यांपुढे आणलं, पारूच्या चेहऱ्यासकट. मग तिनं जड उचलत नाही म्हणून सांगितलं.

"आत्ती," आतल्या खोलीतून स्वप्नालीनं हाक मारली, "जरा या की. पिना लावायच्यात."

ती पलंगाच्या कडेला बसली होती, अंजिरी साडी, ओठांना थोडा रंग. चोवीस वर्षांची. वडूजला पतसंस्थेत कामाला जाते, स्वतःच्या गाडीवर. मंगलनं तिच्या खांद्यावरच्या निऱ्या बोटांनी दुमडल्या, पिन घातली. केस तिनं आधीच विंचरले होते, कमरेपर्यंत सोडून अर्धे बांधलेले, आणि त्यांना नुकत्या धुतल्याचा वास येत होता. मंगलला तो नको होता. ती जरा मागे सरकली.

"आत्ती, दार लोटा."

तिनं दार लोटलं.

"आईला वाटतंय मला ठाव न्हाई. मी पप्पांच्या मोबाइलवर तुमचा मेसेज वाचला. मंग पतसंस्थेत बसून सगळं वाचत बसले, चार दिस." स्वप्नाली आरशात बघत होती, मंगलकडे नाही. "राहीआजीला बी हेच व्हतं न्हवं? आप्पा कवा कवा सांगत्यात. पदर लय घट्ट बांधायची म्हनून."

मंगलच्या हातात दुसरी पिन होती. तिचं टोक तिनं अंगठ्यावर दाबलं. चार दिवस नुसती गल्ल्यावर बसून या पोरीनं ती नोंद मोजणीत धरली होती, जी मी नाही धरली.

"राहीआजी. मंग तुमी." स्वप्नालीनं आरशातच दोन बोटं मोडली आणि तिसरं धरून ठेवलं. "आत्ती, खरं सांगा. मला बी व्हईल का?"

बाहेर कप वाजले. कुणीतरी जोरात हसलं. उत्तर मंगलला येत होतं. ते असं होतं — मला माहीत नाही. माझ्या गाठीच्या तपासणीतून तुझ्याबद्दल काही कळत नाही. त्यासाठी रक्ताची दुसरी तपासणी असते, ती आधी माझी करायला हवी, मी ती केलेली नाही, कारण विचारलं तेव्हा मी नाही म्हणाले. ती केल्यावर जे येईल त्यावरून तुझी शक्यता सांगता येईल, शक्यताच, त्याहून जास्त नाही. चार वाक्यं. सरळ, नीट, खरी. अशी वाक्यं बोलण्यात तिचा जन्म गेला होता. तिनं तोंड उघडलं.

"नाही," ती म्हणाली. "तुला काही होणार नाही."

"नक्की?"

"नक्की."

नक्की. हा शब्द कुठल्याही पोरानं पेपरात लिहिला की ती त्याच्याभोवती लाल गोल करायची आणि गुण कापायची. स्वप्नालीनं वळून तिच्याकडे बघितलं, सरळ, लहानपणी ताप आला की बघायची तसं, आणि तिचा सगळा चेहरा सैल झाला. तिनं विश्वास ठेवला होता. एवढं शिकलेली, चार दिवस वाचत बसलेली पोरगी, एका शब्दावर तिनं विश्वास ठेवला होता. आणि मंगलला कळलं की या पूर्ण महिन्यात, मशीनखाली हात वर करून उभी असताना, टाके काढताना, आकडा ऐकताना, आपण कुणाच्यातरी तोंडून हेच ऐकायची वाट बघत होतो. कुणी म्हणालं नाही. मीच कुणाला म्हणू दिलं नाही, मी स्टॅटिस्टिक्सची होते ना.

दारावर थाप पडली. पारूनं ट्रे आत दिला, पोह्यांवर खोबरं, कोथिंबीर. स्वप्नालीनं पदर डोक्यावर घेतला, एकदा हसली आणि गेली.

मंगल पलंगावर बसून राहिली. पडद्याच्या पलीकडून आवाज येत होते — नाव काय बाळ... शिकशान कुठवर झालं... स्वैपाक येतो का, येतो की, तानाजीच म्हणाला मधनंच, आणि सगळे हसले. तिच्या हातात अजून ती पिन होती. काय बोलून बसले मी! कशाच्या आधारावर? ही पोरगी आता लग्न करेल, शिरवळला जाईल, तिला पोरं होतील, आणि दहा वर्षांनी किंवा वीस वर्षांनी एखाद्या सकाळी न्हाणीत अंगावरून फिरणारा तिचा हात एका जागी थांबेल. थांबेलच असं नाही. पण थांबला तर? तर ती काय म्हणेल... आत्ती, तुमी नक्की म्हनला हुता. आणि हे म्हणायला तिच्या समोर मी असायला हवी ना! तिला दवाखान्यात न्यायला, तिच्या शिव्या खायला, त्याच्याही आधी, उद्याच, डॉक्टरीणबाईंना सांगायला की आमच्या घरात आत्या होती. मी नसले तर माझं खोटं कुणाच्या माथी मारणार ती? फोटोच्या?

शंभर बायकांची रांग तिच्यासमोर पुन्हा आली. बसमध्ये ती रांगेच्या बाहेर उभी होती, हातात खडू, मोजत. हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं. आता ती बाहेर नव्हती. मागे कुणीतरी होतं, पुढे कुणीतरी होतं, आणि त्या सहाजणी कुठं उभ्या आहेत ते कुणालाच दिसत नव्हतं; आणि ती दीड बाई, तिला हसले होते मी, ती दीड बाई कुणीही असू शकत होती, शेजारची, पुढची, मी. हातातली पिन तिनं चादरीत टोचून ठेवली. तिला भीती वाटत होती. साधी भीती, अंधारात पोरांना वाटते ती. एवढ्या दिवसांत ती कुठं जाऊन बसली होती कोण जाणे, आणि आली तर अशी, घरात पाहुणे असताना!

"आवं, आत्याबाईस्नी बी बोलवा की भाईर," मुलाची आई म्हणत होती. "पोरीची आत्या पायजेच की."

"आक्का," तानाजीनं हाक दिली. "ये गं."

आले, एवढंच म्हणायचं होतं. तिनं पदर सारखा केला, पुन्हा एकदा तोंड उघडलं. पण तो शब्द येईना. तोंडात दुसरंच वाक्य येऊन बसलं होतं, आणि ते बाहेर पडू नये म्हणून तिनं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं... मला मरायचं नाही. मला मरायचं नाही.

"आक्का?"